सिनेमात नसलेलं वाक्य

खरं सांगते, या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना वाचते, करमणूक म्हणून. पांढरी साडी, पैंजणांचे आवाज... आमच्या घरात असलं कुणी मानत नाही. त्यात मी बेलापूरला सरकारी ऑफिसात, दिवसभर लोकांच्या थापा ऐकते, त्यामुळे चटकन विश्वास ठेवायची सवयच गेलीय. तरी आज लिहायला बसले, कारण ते मनातून जात नाही.

माझी काकी माझ्याकडे सीवूड्सला राहते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. काका फौजेत होते, लग्नाची हळद पुरती उतरली नव्हती तेव्हा बर्फात गेले. पेटी आली ती बंद, घरच्यांना उघडूही दिली नाही. पण काकीच्या जिवाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. आमच्या घरात जवान ड्यूटीवर निघाला की बायको त्याच्या तळहातावर दही ठेवते, आणि मग त्यानं मागे वळून बघायचं नसतं. काकांची रजा मध्येच रद्द झाली आणि नेमका त्याच दिवशी काकीला कावळा शिवला. सासूनं तिला गोठ्यात बसवलं आणि दही स्वतः दिलं. काकी गोठ्याच्या दारात येऊन बघत राहिली. काका रीतीप्रमाणे सरळ चालत गेले. आपण त्यांना दिसलो तरी का, एवढंच तिला आयुष्यभर जाणून घ्यायचं होतं. बायको निरोपालासुद्धा आली नाही असंच त्यांना वाटलं असेल, असं म्हणायची आणि पुन्हा भाजी निवडायला लागायची.

मध्यंतरी आमच्या सोसायटीनं एका जवानावरच्या सिनेमाची तिकिटं काढली. स्टेशनजवळचा मॉल, रविवारी दुपारचा शो, आणि काकी प्रमुख पाहुणी. सव्वीस जानेवारीला शाल-नारळ देतात, त्यातलाच प्रकार. मला रागच आला होता. पण काकी म्हणाली, एवढं बोलावत्यात तर जाऊ, उगा नको कशाला म्हणायचं.

हॉल फुल्ल होता. पहिल्या गोळीपासूनच शिट्ट्या. बंकर उडाला तशी पोरं उभी राहिली, घोषणा काय, मोबाइलवर शूटिंग काय! आमचे सेक्रेटरी प्रत्येक टाळीला काकीकडे वळून बघायचे, जणू तिनंही खूश व्हायलाच पाहिजे. ती पॉपकॉर्नचा डबा मांडीवर धरून नुसती बसली होती. एक दाणाही तोंडात टाकला नाही तिनं.

शेवटी तो जवान बर्फात एकटा पडतो. तेव्हा मात्र सगळे चिडीचूप झाले, मागे कुणीतरी मुसमुसत होतं. पडद्यावर त्याचे ओठ हलले आणि आवाज आला — दमलेला, हळू, अस्सल आमच्याकडचा.

"दिसली हुतीस मला. गोठ्याच्या दारात."

अहो, हिंदी सिनेमा होता तो! काकीनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. मी मनाला समजावलं, भास आहे, डोक्यात तीच गोष्ट होती म्हणून ऐकू आलं. तेवढ्यात पुढच्या सीटवरचा एक अनोळखी माणूस आमच्याकडे वळला.

"आंटी, वो मरते टाइम मराठी में बोला ना... गोठा मतलब क्या?"

काकीनंच शांतपणे सांगितलं, "गाय बांधते हैं उधर." त्यानं मान डोलावली आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागला. सिनेमा संपला, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, त्या गर्दीत तो कुठे गेला ते कळलंच नाही.

बाहेर आल्यावर मी सेक्रेटरींना विचारलं, शेजारच्या वहिनींना विचारलं. सगळ्यांचं एकच — तो काही बोललाच नाही, नुसता वारा होता. मला चैन पडेना. ऑफिस सुटल्यावर एकटी जाऊन तोच सिनेमा पुन्हा पाहिला. पुढे मोबाइलवर आला तेव्हा इयरफोन घालून तो सीन परत परत लावला. ओठ थरथरतात, वारा सुटलेला असतो... बाकी काही नाही. दोघींना एकच भास झाला असं एक वेळ धरून चालू. पण ज्याला गोठा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्यानं तो शब्द कुठून ऐकला? मी खूप डोकं लावलं. उत्तर नाही माझ्याकडे, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा.

काकीला हे सांगावं की नाही, कितीतरी दिवस ठरत नव्हतं. शेवटी सांगून टाकलं, की सिनेमात तसं काही नाहीच. ती जराही दचकली नाही. सिनेमावाल्यांना आपला गोठा कुठनं ठाऊक असणार, असं तिनं मलाच उलट विचारलं.

मला वाटलं होतं, चला, निदान जीव तरी हलका झाला तिचा. कसलं काय! इतक्या वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आता ती रोज रडते. परवा चहा ओतता ओतता थांबली, भांडं खाली ठेवलं, आणि माझ्याकडे न बघताच बोलली.

"मी दिसली हुती, तर एकदा वळायचं हुतं की."