ठिपक्याच्या पुढं जायचं न्हाई

गुंडप्पाला मी आजबी शिव्या घालतो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस! पण आधी जिलानीभाईचं सांगतो.

जिलानीभाई लातूरचा जुना साउंडवाला. माझं शेजारीच दुकान, जळालेल्या स्पीकरची कॉइल नवी वळून द्यायचं. साऱ्या गावाचे स्पीकरचे डबे माझ्याकडं आले. जिलानीभाईचा तेरा वर्षांत एकबी न्हाई. त्याला कारण भूकंप. किल्लारीकडच्या एका छावणीत सापडलेल्या माणसांची नावं पुकारायला त्यानं भोंगा लावला होता. कुणी एक साहेब माइकवर ओरडला, भोंग्याचा पडदा फाटला, अन् अर्धा दिवस नावं कुणाच्या कानावर पडली न्हाईत. लोक जिलानीभाईच्या तोंडाकडं बघत उभे. ते त्याला लई लागलं. मग हैदराबादला जाऊन त्यानं कंप्रेसर-लिमिटर आणलं अन् महिनाभर त्याच्यापुढं बसून राहिला.

मला समजावून सांगायचा. कंप्रेसर म्हणजे चढलेल्या आवाजाला हात धरून खाली बसवणारा. कितीला धरायचं, किती दाबायचं, कधी सोडायचं, सगळ्याला बटणं. जास्त दाबून वरून आवाज वाढवला, तर बोलणारा थांबला की पंख्याची घरघर वर येते. अन् लिमिटर म्हणजे शेवटची भिंत. ती हाय तोवर कॉइल जळत न्हाई. नीट जमलं की बायकोच्या, चांदबीभाभीच्या, नेलपॉलिशनं बटणावर ठिपका द्यायचा. ठिपक्याच्या पुढं जायचं न्हाई, बस्स.

हे सगळं त्यानं गुंडप्पाला शिकवलं. गुंडप्पा निलंग्याहून कामाला आलेला. अकरा वर्षं भाभीच्या हातचं जेवला. जिलानीभाईला उस्ताद म्हणायचा.

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. आठशे पोरं बसणाऱ्या एका क्लासच्या हॉलचं काम कायमचं जिलानीभाईकडं आलं. सर फळ्याकडं तोंड करून पुटपुटायचे अन् मधेच गरजायचे. तरी शेवटच्या बाकाला पहिल्या बाकाइतकंच ऐकू जायचं. जिलानीभाईला त्याचा लई अभिमान. माझी पोरगी महामाया त्याच क्लासला होती.

दोन हजार सहाचा निकाल लागला, सत्कार ठेवला. किनवट, लोह्याहून पालक आले. मीबी तिसऱ्या रांगेत, मिक्सरच्या अगदी जवळ. आपला आवाज समोरच्या क्लासपर्यंत गेला पाहिजे, असं सरांचं म्हणणं. जिलानीभाईनं हात जोडून नकार दिला. शुक्रवार होता, तो जुम्म्याच्या नमाजला गेला. तेवढ्यात सरांनी स्टेजवरून खूण केली अन् गुंडप्पानं लिमिटर बंद करून आवाज चढवला. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. दहा मिनिटांत जळका वास सुटला अन् चारी डबे मुके झाले. गुंडप्पानं गुमान सगळी बटणं परत ठिपक्यावर आणली.

जिलानीभाई आला तेव्हा सगळ्यांपुढं गुंडप्पा म्हणायला लागला की सेटिंगच चुकीचं होतं, उस्तादचे कान गेलेत. सरांनी मान डोलावली. बटणं ठिपक्यावरच होती. जिलानीभाईनं दोन्ही कानांवरून हात फिरवला. घडीभर त्याला स्वतःचाच भरवसा वाटेना. जीव तुटला माझा.

दुसऱ्या दिवशी त्याच्यादेखत मी डबा उघडला. कॉइल काळी ठिक्कर. त्याचा चेहरा उजळला, म्हणला लिमिटर चालू असताना हे होणंच शक्य न्हाई. मला स्कूटरवर बसवून थेट सरांच्या केबिनमध्ये नेलं. गुंडप्पा आधीच तिथं खुर्चीत.

"सुगत," जिलानीभाई म्हणला, "डबा तू उघडलास. हॉलात बी तू होतास. काय बघितलं ते सांग."

सर माझ्याकडं बघत होते. हळूच म्हणले, "महामायाची बारावी यंदाच ना? हुशार आहे पोरगी."

मी म्हणलो, मला सांगता येत न्हाई.

हॉल गुंडप्पाला मिळाला. जिलानीभाईनं मला परत दुकानापाशी आणून सोडलं, स्कूटर बंद केली न्हाई.

"गुंडप्पा कधीतरी उलटंल असं मनात येऊन गेलं होतं," तो म्हणला. "तुझं न्हाई आलं."

अन् उघडलेला डबा उचलून, पायात धरून, तो दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडं निघून गेला.