महिपतदादांचा चहा

एरवी महिपतदादा म्हणजे देवमाणूस. टॉवरच्या लिफ्टमध्ये कुणाचं कुत्रं अंगावर आलं तरी ‘असू दे, असू दे’ म्हणतील. पण कबड्डीच्या मैदानाशेजारी कुणी ‘दादा, आमच्या पोरीचं जरा बघा हां’ एवढं नुसतं पुटपुटलं, की संपलं! ‘काय बघू? डोळे फुटलेत काय माझे? पोरगी खेळंल तेवढं दिसंल!’ असा आवाज चढायचा की पुटपुटणारा माणूस पुन्हा वर्षभर त्यांच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही.

दादा मूळ कोलशेतचे. बापूस मिठागरावर राबायचा आणि पोरं खाडीकडच्या मोकळ्या जागेत हुतूतू खेळायची. ते मैदान गावानं स्वतः केलेलं. माती चाळायची, पसरायची, पाणी मारायचं आणि वरून मिठागरातलं खडं मीठ फेकायचं, म्हणजे माती ओल धरते, उडत नाही. गुडघे सोलले की ते मीठ असं झोंबायचं म्हणता! पोरं बोंबलत चढाया करायची. आता तिथं टॉवरची पार्किंग आहे, आणि दादांचीच गाडी तिथं उभी असते, भाच्यानं घेतलेली. जमिनीचे पैसे आले, फ्लॅट आला, सगळं आलं. पण पार्किंगमधून जाताना दादा अजून एका खांबापाशी थांबतात आणि सोबतच्या माणसाला सांगतात, ‘हितं मध्यरेषा होती.’ सोबतचा माणूस बिचारा ‘अच्छा’ म्हणतो. त्याला काय कळणार?

खेळानंच त्यांना जेवू घातलं. कोलशेतच्या एका कारखान्याला कबड्डीचा संघ हवा होता, म्हणून तिथं ते चिकटले, आणि कारखाना बंद पडेपर्यंत चिकटून राहिले. चढाईला जायचे तेव्हा समोरचे सात जण मागं सरकायचे, असं गावातले म्हातारे सांगतात. म्हाताऱ्यांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं निम्मं पुष्कळ आहे. आणि असा हा माणूस जिल्ह्याकडून एकदाही खेळला नाही.

का नाही, ते ऐका. त्या वेळी जिल्ह्याच्या निवड समितीवर कोलशेतचेच बाबुराव होते. माणूस नाकासमोर चालणारा. शेवटच्या एका जागेसाठी दोन नावं उरली, एक कल्याणच्या पोराचं, एक महिपतचं. बाबुराव उठले, ‘माझ्या गावचा पोर हाय, मी बोलनार नाय, चहा घेऊन येतो,’ म्हणाले आणि बाहेर गेले. ते परत येईपर्यंत कल्याणच्या पोराचं नाव लागलं होतं. बाबुरावांनी महिपतच्या खांद्यावर हात ठेवला, ‘पोरा, मी बाहेर होतो,’ एवढंच बोलले. पुढंही महिपतचं नाव निघालं की बाबुराव बाहेरच. सगळ्या गावानं बाबुरावांना डोक्यावर घेतलं. असा माणूस होणे नाही! आणि सगळ्यांत जास्त कौतुक केलं ते महिपतनं. स्वतःची जागा गेली याचं दुःख राहिलं बाजूला, आपल्या गावात असा सरळ माणूस आहे यानंच त्या पोराची छाती फुगली. पुढं आयुष्यभर ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली की त्यांच्या बायकोला, मालनकाकींना, ती पाठ झाली.

मग दादा स्वतः निवड समितीवर आले आणि बाबुरावांची रीत त्यांनी तशीच चालवली. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. दादांची बरोब्बर उलटी. कोलशेतच्या खेळाडूचं नाव निघालं की दादा उठायचे, ‘चहा घेऊन येतो’ म्हणायचे. सगळ्या जिल्ह्यात हे माहीत. कार्यक्रमांत भाषणं व्हायची, ‘निःपक्षपातीपणा शिकावा तर महिपतदादांच्या चहाकडून!’ टाळ्या पडायच्या. दादा खाली मान घालून हसायचे. खोटं कशाला बोला, बरं वाटायचं त्यांना.

यंदा कुमारी गटाची निवड चाचणी शहाडला होती, एका शाळेच्या हॉलमध्ये, मॅटवर. दादांना मॅट कधीच आवडली नाही. ‘सतरंजीवर कबड्डी!’ म्हणायचे. पण पोरी छान खेळल्या. संध्याकाळपर्यंत सगळी नावं ठरली, एक सोडून. डावा कोपरा राहिला होता. आणि त्या एका जागेला दोन पोरी होत्या. एक मानपाड्याची सान्वी, चपळ, उडी घ्यायला सदा तयार. दुसरी कोलशेतची कृतिका, अंगानं दणकट, पायानं जरा जड, पण एकदा घोटा धरला की सुटला असं झालेलं नाही.

समितीत तिघंच. दादा, संघाचा प्रशिक्षक केदार आणि एकेकाळी राज्याकडून खेळलेली मेघना. कृतिकाचं नाव निघालं आणि दादा सवयीनं उठले.

त्या उठण्याचा अर्थ काय, ते सांगायला हवं. एक जण बाहेर गेला आणि उरलेल्या दोघांचं पटलं नाही, तर प्रशिक्षकाचा शब्द शेवटचा, असा समितीचा शिरस्ता. गेली दोन वर्षं हेच झालं होतं. मेघना कृतिकासाठी भांडली, केदारनं दुसरं नाव दिलं, दादा बाहेर होते. पुढच्या वर्षी कृतिकाचं वय गटात बसणार नव्हतं. म्हणजे आज नाही तर नाहीच.

‘दादा, बसा,’ मेघना म्हणाली.

‘अगं, गावची पोर आहे.’

‘माहितीये. पण केदारचं मत तुम्हाला माहीत आहे, माझं माहीत आहे. तुम्ही दाराबाहेर पाय टाकलात की ती पोरगी गेली. म्हणजे तुम्ही तिच्या विरोधात मत दिलंत.’

‘मेघना!’ दादांचा आवाज चढला. ‘मी मत देतच नाय!’

‘देता. दरवर्षी देता,’ मेघना शांतपणे म्हणाली. ‘फक्त चहाच्या टपरीवरून देता.’

दादांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. आजवर असं त्यांना कुणी बोललं नव्हतं, आणि बोलली ती तिच्या लहानपणी त्यांनीच निवडलेली पोर. ते दाराशी उभे राहिले. बाहेर टपरीवाला दगडू ओळखीचा, त्यानं दारात दादांना पाहून पातेलं चढवलंसुद्धा. दादा मागं फिरले आणि खुर्चीवर येऊन बसले.

‘बोल केदार,’ ते म्हणाले. ‘तुझं म्हणणं काय ते आज माझ्यासमोर बोल.’

केदार काही वाईट पोरगा नव्हता, बरं का. त्यानं नीट सांगितलं. कृतिकाचं वजन काठावर आहे. राज्य स्पर्धेला काट्यावर उभी राहिली आणि जरा जास्त भरली, तर तिला बाहेर बसवतील आणि आपली एक जागा फुकट जाईल. शिवाय मॅटवर खेळ वेगवान झालाय, कोपऱ्यात चपळ पोरगी हवी. ‘मला कुणाशी वैर नाही दादा. संघ जिंकायला हवा, बस.’

‘वजनाचं खरं आहे,’ दादा म्हणाले. ‘ते मीही नाकारत नाही. पण मॅट असो की माती, कोपऱ्यातल्या खेळाडूचं पहिलं काम काय? थांबणं. सान्वी आज तीनदा आधी उडाली, आणि तीनदा चढाईवाली तिच्या डोक्यावरून गुण घेऊन गेली. चांगली पोर आहे ती, शिकेल, तिला अजून वर्षं आहेत. कृतिका थांबते. समोरची पाय टाकेपर्यंत हलत नाही. अशी थांबणारी पोर मी या जिल्ह्यात फार वर्षांत पाहिली नाही. वजन तू आणि ती बघा, महिना हातात आहे. माझं मत कृतिकाला.’

केदारनं नावांची यादी पुढं ओढली. ‘ठीक आहे. दोन विरुद्ध एक, मला मान्य. पण दादा, लोक काय म्हणतील ते माहितीये ना?’

‘माहितीये. इतकी वर्षं मीच ते म्हणत आलोय.’

लोकांनी वाट पाहायला लावली नाही. नावं वाचली गेली आणि गेटपाशी कुजबुज सुरू झाली. शेवटी गावचीच पोर घेतली ना! म्हातारपणी माणूस घसरतो तो असा. सान्वी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, ते दादांनी पाहिलं. तिचा बाप मात्र रडणाऱ्यातला नव्हता. तो दादांच्या वाटेतच उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘काय दादा, आज चहा नाही घेतला?’

आजूबाजूचे हसले. दुसरा कुठला दिवस असता तर दादांनी त्याला उभा-आडवा धुतला असता. आज ते मान खाली घालून गाडीत जाऊन बसले. एवढ्या वर्षांचं नाव, आणि एका संध्याकाळी त्याचं मातेरं!

घरी मालनकाकींनी दार उघडताच विचारलं, ‘काय झाला?’

दादांनी सगळं सांगितलं. ‘मालन, माजा नाव गेला गं,’ म्हणाले.

‘गेला तं गेला,’ काकी म्हणाल्या. ‘बाबुरावांचा नाव ऱ्हायला, आन तुमचा खेल गेला. त्याचा कोनी काय केला?’ असं बोलून त्या भाकरी थापायला आत गेल्या. पन्नास वर्षं ती गोष्ट ऐकून घेतलेल्या बाईनं त्या गोष्टीवर पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. दादा तिच्या पाठीकडे बघत राहिले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात कृतिका. अजून खेळाच्याच कपड्यांत, खांद्याला बॅग. मागच्या चाळीतली पोर, आई तिची एका टॉवरमध्ये घरकामाला जाते. चाळीतली पोरं दादांना आबा म्हणतात. पोरगी पाया पडायला आली असणार असं दादांना वाटलं, पण ती उंबऱ्याशीच थांबली.

‘आबा, एक विचारू? रागावू नका.’

‘विचार की.’

‘सगळे म्हणतायत, गावची म्हणून घेतलं. मैत्रिणीपण म्हणतायत.’ तिनं खांद्यावरची बॅग सावरली. ‘खरं सांगा. मी गावची नसते, तर घेतलं असतं का मला?’

आता मात्र दादांना गेटवरचा सगळा राग एकदम आठवला. ‘येडी काय तू? गावची नसतीस ना, तर तुझं नाव दोन वर्षांमागंच लागलं असतं!’

पोरीचा चेहरा खुलेल असं त्यांना वाटलं होतं. नाही खुलला. ती तशीच बघत राहिली, समोरचीनं पाय टाकेपर्यंत बघतात तशी.

‘म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं? मी चांगली खेळते ते?’

‘व्हय. पयल्या दिवसापासून.’

‘मग आबा,’ ती हळूच म्हणाली, ‘तेव्हा तुम्ही बाहेर चहा पीत होता?’

पोरीचे डोळे भरले होते. ती वळली आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं उतरून गेली. पाया पडली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही.

आतून काकी पिठाच्या हातांनी धावत आल्या. ‘अवो, पोर रागानं गेली. हाक मारा तिला!’

‘नको,’ दादा म्हणाले. ‘जाऊ दे. तिनं इचारला तरी.’ ते दार धरून उभेच होते. ‘मना बाबुरावांना कवा इचारता आला नाय.’