टावर घरात नको

कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि मी कोथिंबीर निवडत होते, तेवढ्यात कोणीतरी दार अक्षरशः बडवलं. उघडते तर वरच्या खोलीतली प्रेमिला. सातवा महिना, पाय अनवाणी, मुठीत मोबाईल.

"काकू, परवापासून यांचा फोनच नाही. मी लावून रायली तर लागत नाही."

प्रेमिला कामठ्याची. नवरा केवलराम रेल्वेत कीमॅन. दरेकशाच्या जंगलातल्या लाइनवर एकटा पायी फिरून रुळांच्या चाव्या ठोकतो. ड्युटीवरून परतल्याचा त्याचा फोन आल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरत नाही.

ही इथे ब्लाउज शिवते. पत्र्याच्या खोलीला खिडकी एकच, मशीन तिथेच. समोरच्या गच्चीवर मोबाईलचा टावर उभा राहिला आणि त्यानंतर हिचे दोन गर्भ अर्ध्यातच पडले. डॉक्टरांनी टावरचं नाव घेतलं नाही, हिने घेतलं. या खेपेला खिडकीला पुठ्ठा लावला, तर अंधारात सुईत दोरा जाईना. म्हणून परवा काचवाल्या घनश्यामने काचेवर आरपार दिसणारी पन्नी चिकटवली. तिच्यात टावरच्या लहरी अडवणारा धातूचा थर आहे म्हणे, पण डोळ्याला दिसत नाही.

"धूप आयेगी, टावर नहीं आयेगा," तो म्हणाला.

"नाहीच पायजे मले टावर घरात!"

आमच्या गोंदियात फोनला रेंज नसली तरी 'टावर नाही' असंच म्हणतात. मीही तेव्हा तिथेच उभी होते. कोणाच्याच लक्षात आलं नाही.

आता ते आठवलं आणि मी तिला अंगणात आणलं. फोनवर दांड्या उगवल्या आणि मेसेज टुणटुणू लागले. केवलरामचे सात मिस्ड कॉल. शेवटचा आज सकाळी सहाचा.

तिने लगेच लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"सात बार काऊन केला असंल, काकू? एकाच्या वर कधी करत नाहीत."

"बॅटरी उतरली असेल गं," मी म्हटलं. माझं मलाच खरं वाटलं नाही.

"घनश्यामला सांगून पन्नी काढून टाकू या?" मीच विचारलं.

तिने दोन्ही हात पोटावर दाबले. "नाही! पन्नी नाही काढाची." मग वरच्या खिडकीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि तो माझ्या हातात दिला.

"हा तुमच्या ओट्यावर ठेवा, काकू. वाजला का मले हाक मारा."