मुद्देमाल क्रमांक चौपन्न

माझ्या हातून एकदा कासव पळालं. हे मी आजवर तीन माणसांना सांगितलं आणि तिघांनाही पुढचं ऐकायला दम निघाला नाही. हसून हसून त्यांना बाकावर बसवावं लागलं.

माझी मावशी कोर्टात मुद्देमाल कारकून होती. गुन्ह्यात जप्त झालेल्या वस्तू खटल्याचा निकाल लागेपर्यंत सांभाळायच्या, हे तिचं काम. तिच्या खोलीत लोखंडी मांडणीवर सुरे, कुलपं, एक शिवणयंत्र, एकाच पायाचे सात बूट, आणि खिडकीखाली पत्र्याच्या टबात क्रमांक चौपन्न : कासव, नग एक, जिवंत. त्या दिवशी अकराला चौपन्नची सुनावणी होती. टब धुवायला काढलेला, म्हणून कासव फरशीवर. मावशी म्हणाली, "साहेबांची सही घेऊन येते. दहा मिनिटं लक्ष ठेव."

मी नुकताच वकील झालो होतो. खिडकीच्या काचेत माझा काळा कोट फार छान दिसत होता.

मावशी परत आली. "कुठाय?"

"आत्ता इथंच होतं गं."

"इथंच होतं म्हणजे? बस आहे का ती, चुकायला?"

कपाटाखाली सापडलं. पण त्या फटीतून आत शिरताना त्याच्या पाठीवरची चिठ्ठी खरवडून निघाली होती. क्रमांक, पंचांच्या सह्या आणि शिक्का असलेली ती चिठ्ठी. मी पालथा पडून हात घातला तेव्हा तिचा शेवटचा कोपरा कासवाच्या तोंडात शांतपणे जात होता.

"मावशी, कागदच तर होता," मी कोट झटकत म्हणालो.

"कागद म्हणजेच चौपन्न होता, वकीलसाहेब. आता उरलंय ते नुसतं कासव."

यातली मेख मला तेव्हा कळली नाही. सहा वर्षांपूर्वी एका मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे हे पिल्लू सापडलं, मोज्यात गुंडाळलेलं. कायदा म्हणतो, रानातलं असं कासव पकडायचं नाही, विकायचं नाही, घरात पाळायचंही नाही. म्हणून कायद्याने ते जप्त केलं आणि पुढील आदेशापर्यंत एका खोलीत पाळलं. पुढचा आदेश काही येईना. ते रानात सोडावं म्हणून मावशीने अकरा अर्ज केले. त्यातल्या एकाला उत्तर आलं : 'अर्जदाराने मुद्देमालाशी असलेले नाते नमूद केलेले नाही.'

दर सोमवारी मुद्देमालाची तपासणी करून नोंदवहीत स्थिती लिहायची, असा नियम. सुऱ्यांपुढे 'जैसे थे' लिहिलं की झालं. पण कासव पुढच्या सोमवारी जैसे थे नसायचं, आणि खोटं लिहिणं मावशीला जमायचं नाही. शेवटी तिने एक वेगळी वहीच घातली. ती कासवाला कोऱ्या पानावर ठेवायची, पेन्सिलीने भोवती रेघ मारायची आणि खाली लिहायची : 'स्थिती : झोपाळू.' 'स्थिती : माझ्यावर नाराज.' रजा असली तरी सोमवारी अर्धा तास येऊन जायची. माझी आई म्हणायची, "माझ्या पोराची उंची कधी मोजली नाहीस ती!"

"तुझं पोर जप्त झालं तर मोजेन," मावशी म्हणायची.

सुनावणीत व्हायचं तेच झालं. दुकानदाराचे वकील उठले, पंचनामा वाचला : कासव तळहाताएवढं. मग समोरच्या ताटलीएवढ्या कासवाकडे बोट केलं. "चिठ्ठी नाही, माप जुळत नाही. हे माझ्या अशिलाचं कासव नव्हेच! सबब अशिलाला सोडावं आणि त्याचं कासव त्याला परत द्यावं."

"कुठलं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हेच."

चिठ्ठी असती तर हा प्रश्नच उठला नसता. आता ओळख पटली नाही तर कासव पुन्हा त्या दुकानात, पुन्हा मोज्यात. फक्त मोजा मोठा लागेल. मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पुढे झाली आणि रेघांची ती जाडजूड वही तिने टेबलावर ठेवली.

बाई पानं उलटू लागल्या. तळहाताएवढी रेघ, बशीएवढी, ताटलीएवढी. भरभर उलटलं की कासव वाढताना दिसायचं. बाईंनी दोनदा उलटून बघितलं आणि तिसऱ्यांदा नुसत्याच हौसेखातर. प्रत्येक रेघेत डाव्या मागच्या कडेला एक खाच होती. पंचनाम्यातही लिहिलेली होती, 'डावीकडे मागे टवका उडालेला'. कासवाला परवाच्या सोमवारच्या पानावर ठेवलं. खाचेला खाच जुळली.

"हरकत आहे!" वकील ओरडले. "ते रेघेच्या बाहेर येतंय!"

"डोकं आहे ते," मावशी म्हणाली. "लागतं कधीकधी."

बाईंनी वही मिटली. दुकानदाराला शिक्षा झाली आणि कासव रानात सोडून पोच घ्यावी, असा आदेश निघाला. पोच कोणाची, हे आदेशात नव्हतं. वनरक्षकाने सही दिली आणि जीपमध्ये जाऊन बसला.

रानाच्या कडेला मावशीने त्याला गवतावर ठेवलं. सवयीने हातात पेन्सिल होतीच. ती तिने पदराआड घेतली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चौपन्न हलेना. मान बाहेर काढून ते मावशीकडेच बघत बसलं. मावशीने तोंड फिरवलं, पुन्हा वळून बघितलं, पुन्हा फिरवलं. मला राहवेना.

"मावशी, तू जीपमध्ये बस. मी थांबतो, लक्ष ठेवतो त्याच्यावर."

"ठेव," ती म्हणाली. "तू लक्ष ठेवलंस की ते पटकन जातं."