काचेच्या बरणीतला करंट

आज सकाळी स्वेटर काढताना चटचट आवाज झाला आणि कपाटाच्या कडीने बोटाला बारीकसा करंट दिला. मला काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच फारसं वाटत नाही. पण शहाद्याच्या शाळेतलं ते यंत्र आठवलं.

सरांनी दांडा फिरवला की काचेच्या दोन चकत्या एकमेकींच्या उलट फिरायच्या. त्यांच्यावर तयार होणारी वीज आतबाहेर पत्रा लावलेल्या बरणीत साठायची आणि खोलीत तिखट वास पसरायचा. त्या दिवशी आम्ही नववीच्या मुलींनी हात धरून साखळी केली. पहिल्या मुलीच्या हातात बरणी होती आणि शेवटची मुलगी बरणीच्या झाकणावरच्या धातूच्या गोळ्याला बोट लावणार होती. माझ्या उजव्या हातात सुलोचनाचा हात होता, ती आमच्याच गावची, कळसाडीची. डाव्या हातात रायकीचा. ती सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यावरून आलेली, वसतिगृहात राहायची.

“मरी जासूत वं आपण!” सुलोचना कुजबुजली.

शेवटच्या मुलीने बोट लावलं. कोणालाच करंट लागला नाही.

“साखळी तुटली,” सर म्हणाले. “हात कोणी सोडला?”

“माझा सुटला, सर,” रायकी खाली बघत म्हणाली.

हात मी सोडला होता. करंटच्या भीतीने सोडला, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. सुलोचनाचा हात मात्र मी घट्ट धरून ठेवला होता.