गटचर्चेतला गूळ

सत्त्याण्णव साली आमच्या संस्थेने वाईच्या चारुशीला आपटे यांना सांगलीच्या केंद्रावर नेमलं, तेव्हा त्यांच्या हुद्द्याचं नाव होतं ‘सुलभक’. हा शब्द ज्याने शोधला त्याला एकदा एसटी स्टँडवर नेऊन उभं करायला हवं होतं. दारावरची पाटी वाचून कुणीतरी आत येऊन विचारायचंच, “बायकांचं कुठल्या बाजूला हाय?”

काम मात्र गंभीर होतं. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायांना कारभार शिकवायचा. गच्चीवर मोठी डिश होती, हॉलमध्ये टीव्ही. पुण्याहून तज्ज्ञ टीव्हीवर बोलायचे, काही विचारायचं असेल तर आपण इथून फोन करायचा आणि तो आवाज सगळ्या तालुक्यांच्या टीव्हींवर ऐकू जायचा. फोन लावायचं काम माझं. तज्ज्ञांनी तोंड उघडलं की डुलक्या घेणाऱ्या बायांना बोलतं करायचं काम चारुशीलाबाईंचं.

पहिल्याच दिवशी टीव्ही बंद करून बाई हौसेने म्हणाल्या, “आता चर्चा करू. सुरुवात हरणाबाईंपासून!”

मिरजेकडच्या एका गावची सरपंच हरणाबाई पिशवी काखेत मारून उभीच राहिली. “चर्चा नगं बाई. गावात एकदा झाली तेवढी बास हाय.”

खरंच होतं तिचं. गावात बाईची चर्चा होते ती काहीतरी वावगं घडलं म्हणूनच. चारुशीलाबाईंनी तो शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी मार्केट यार्डातून गुळाचा मोठा खडा आणला. बायांना गोल बसवलं. खडा जिच्या हातात तिने बोलायचं, बोलून झालं की तुकडा मोडून खायचा आणि खडा पुढे द्यायचा. बोलायचं नसेल तर न खाता पुढे सरकवायचा. आठवड्याभरात बाया अशा बोलायला लागल्या की गूळ पुरेना.

हरणाबाई तेवढी महिनोन्‌महिने न खाता खडा पुढे सरकवत राहिली. तिचा नवरा पलटणीत. राखीव जागा आली म्हणून घरच्यांनी तिला उभी केली, आणि खुर्चीत जाऊन बसला दीर, जयराज. एके दिवशी खडा तिच्या हातात आला आणि तिथेच थांबला.

“सरपंच मी हाय. पर मीटिंगला मला कुनी बोलवत न्हाई. माज्या खुर्चीत दीर बसतोय. टीव्हीतल्या सायबास्नी इचारू का?”

चारुशीलाबाईंचे डोळे भरून आले. “विचारा,” त्या म्हणाल्या. मी फोन लावला. हरणाबाईने शब्द न गाळता सगळं विचारलं. टीव्हीतले सुमंत साहेब गोड हसले. “ताई, फार छान प्रश्न. पण घरातली भांडणं घरातच मिटवावीत. पुढचा फोन?”

तो टीव्ही उचलून आपटावा असं मला वाटलं. बायांनी मात्र टाळ्या वाजवल्या आणि हरणाबाईने चांगला मोठा तुकडा मोडून खाल्ला.

शेजारच्या तालुक्याच्या केंद्रावर बायकोला घेऊन आलेला जयराजचा साडू बसला होता. हरणाबाई घरी पोचायच्या आत गावात तिची चर्चा सुरू झाली. घरची अब्रू टीव्हीवर काढली म्हणून तिच्यावर अविश्वास ठराव आला आणि मंजूरही झाला. हात वर करणाऱ्यांत तिच्याच पंचायतीतल्या, आमच्याच गोलात बसून गूळ खाल्लेल्या दोन सदस्य बाया होत्या.

संस्थेने अहवालात तो फोन ‘उत्स्फूर्त सहभाग’ म्हणून छापला आणि चारुशीलाबाईंना शाल-श्रीफळ दिलं. निर्लज्जपणाला काही सुमार! बाईंनी शाल खुर्चीवरच टाकली आणि मला म्हणाल्या, “चल, हरणाबाईंकडे जाऊ.”

हरणाबाईने घोंगडं अंथरलं. पाहुण्यांना देतात तसं पाणी आणलं, ताटलीत गूळ.

“हरणाबाई, आपण वरपर्यंत दाद मागू,” बाईंनी सुरुवात केली.

हरणाबाईने गुळाचा खडा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. “वर म्हंजी कुनाकडं? त्या टीव्हीतल्या सायबाकडंच न्हवं? मी बोलले बाई, माजं झालं. आता खडा तुमच्या हातात हाय. गावात मी कसं ऱ्हायाचं, त्येवढं सांगा.”

चारुशीलाबाई खडा मुठीत धरून बसल्या. घामाने तो चिकट झाला.

शेवटी त्यांनी तो न खाताच माझ्याकडे सरकवला. मीही न खाता ताटलीत ठेवला.