मोठा कूलर आणि लेडीज गट

तुम्ही कधी घाटातली शर्यत जिंकून डिनर सेट घरी आणला आहे का? आमच्या बाईंनी आणला होता. एक नव्हे, दर वर्षी एक. त्यांच्या माळ्यावर न उघडलेल्या खोक्यांची थप्पी लागली होती. बक्षीस घेताना त्या खोक्याकडे बघतसुद्धा नसत. शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या माईकवाल्या अध्यक्षांकडे मान वळवून म्हणत, "ते राहू द्या. वेळ सांगा."

वेळ कोणी सांगत नसे.

सातपूरला बाईंचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा की बाजूच्या कारखान्याचा भोंगा लाजावा. मीही तिथेच शिकलो. नवखा माणूस धाडकन पाय उचलायचा आणि गाडी उडी मारून बंद पडायची. मग बाई म्हणायच्या, "क्लच हळू सोडा हो, तो काही नवरा नाही!" मी तेव्हा कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटत असे, म्हणून मला त्या 'लेखक' म्हणत. "लेखक, क्रांती नंतर. आधी आरसा बघा."

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. पेठ रस्त्याकडच्या एका घाटात तेव्हा दर हिवाळ्यात शर्यत व्हायची. एकेक गाडी सोडायची आणि माथ्यावर पोचेपर्यंतची वेळ मोजायची. पुरुषांच्या वेळा माईकवर सेकंदांसकट वाचत. लेडीज गटात मात्र नुसतं 'प्रथम' आणि टाळ्या. का? तर "ताईंना उगाच टेन्शन नको."

आता माझं मत ऐका, मग पुढे जाऊ. ज्याला मोजायचं नसतं, त्याचा सत्कार करतात. बाईंना हे माझ्या पत्रकाशिवाय कळलं होतं. त्या वर्षी त्यांनी अध्यक्षांना सरळ गाठलं.

अध्यक्ष हसले. "मॅडम, तुमची डिझेल गाडी. चढावर दम लागतो तिला. लोक हसतील."

"हसू द्या. पण वेळ वाचा."

"ठीक आहे. पुरुषांतल्या शेवटच्या गाडीला जरी मागे टाकलंत ना, तरी वाचतो!"

गाडीला दम लागायचा हे मात्र खरं होतं. पहिली वळणं ती झपाट्याने घ्यायची आणि माथा जवळ आला की मरगळायची. बाईंनी कारण मला सायकलच्या पंपावर समजावलं. "हवा भरताना पंपाचं टोक तापतं की नाही? टर्बोचं तेच. हवा दाबून इंजिनात कोंबतो, पण दाबली की ती तापते आणि तापली की विरळ होते. म्हणून मध्ये इंटरकूलर असतो, तिला गार करायला. माझ्या गाडीचा आहे पोळपाटाएवढा. दोन वळणांत तोच तापून बसतो."

मग मोठा कूलर बसवायचं ठरलं. रेडिएटरचं काम करणाऱ्या चाचांनी भंगारातून आणलेला कूलर बघितला आणि कपाळाला हात लावला. "बाई, ये तो ट्रक का है! गाडी में कूलर बिठाना है, या कूलर में गाडी?"

"चाचा, तुम्ही कापा."

पुढचा बंपर कापला. आतली जाळीही काढली. कूलर अगदी तोंडावर, वाऱ्याच्या वाटेत बसला. गाडी दात काढल्यासारखी दिसायला लागली. त्र्यंबक रस्त्यावर पहिली चाचणी घेतली, तर एका गतिरोधकावर रबरी पाइप निसटला, 'फस्स' झालं आणि गाडी म्हशीच्या चालीने चालू लागली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून, बायकांच्या समान हक्कांवर एक दणदणीत पत्रक काढायचा प्रस्ताव मांडला.

"काढा की," बाई बोनेटखालून म्हणाल्या. "आधी हा पाइप धरा."

पाइप पक्का झाला, पण नवीनच खोड निघाली. कूलर मोठा म्हणजे त्यात भरायची हवाही जास्त. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर विचार करायची आणि मग उसळायची. बाईंनी तिच्याशी जमवून घेतलं. वळण संपायच्या आधीच पाय द्यायला त्या शिकल्या. "विचार करू दे तिला," म्हणायच्या. "आपण जरा आधी सांगायचं."

शर्यतीच्या सकाळी आम्ही पोचलो, तर लेडीज गटातल्या प्रत्येक गाडीच्या तोंडावर गुलाबी फ्लेक्स बांधणं चालू होतं. त्यावर 'नारीशक्तीला सलाम' आणि सलामाच्या दुप्पट आकाराचा अध्यक्षांचा फोटो. बाई गाडीच्या नंबराची चिठ्ठी घ्यायला गेल्या होत्या, तेवढ्यात त्यांच्याही गाडीला तो बांधला. नेमका कूलरवर.

"सोडा हे," बाई म्हणाल्या.

"मॅडम, सगळ्या लेडीजना आहे," कार्यकर्ता म्हणाला.

"याच्यामागे कूलर आहे. त्याला वारा कुठून लागणार?"

अध्यक्ष स्वतः आले. "अहो, घाटात वाऱ्याला काय तोटा?"

माझ्या तोंडात मोठं भाषण तयार होतं. बाईंनी मला हाताने थांबवलं, दोऱ्या सोडल्या, फ्लेक्सची नीट घडी घातली आणि अध्यक्षांच्या हातात दिली. "मागच्या काचेला बांधा. ज्यांना वाचायचाय, ते माझ्या मागेच असतील."

आणि त्या गेल्या. वरून आवाज ऐकू येत होता. प्रत्येक वळणावर एक क्षण शांतता, मग उसळी. माथ्याजवळ या वेळी मरगळ ऐकू आली नाही.

बक्षीस समारंभात पुकारा झाला, "लेडीज गट, प्रथम!" टाळ्या पडल्या. बाई व्यासपीठावर गेल्या नाहीत. खाली, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी पुन्हा नाव घेतलं. बाई हलल्या नाहीत. माझ्या आधी चाचा ओरडले, "टाइम बोलो, साहब!" मग मागून कोणीतरी, मग दहाबारा जण. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि वेळ वाचली. सेकंदांसकट.

पुरुषांतल्या दोन गाड्या मागे पडल्या होत्या. त्यांतल्या एकीचा चालक आला, बंपरच्या भोकात डोकं घालून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, हा कुठून बसवून घेतला?" बाईंचा चेहरा तेव्हा जेवढा फुलला, तेवढा मी कुठल्याच टाळ्यांना फुललेला पाहिला नाही.

पुढे बाईंच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. बाईंनी ड्रायव्हिंग स्कूल विकलं आणि त्या देवळ्याला बहिणीकडे गेल्या. त्यांना एसटीत बसवायला मी गेलो होतो. ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली होती. स्टँडच्या फाटकातून बस वळली, तेव्हा खिडकीत त्यांचा खांदा ॲक्सिलरेटरवर पाय दिल्यासारखा जरासा पुढे झुकलेला दिसला. वळण संपायच्या आधीच.

वाचकहो, तुमच्याही कॉलनीत, शाळेत, कारखान्यात स्पर्धा होतील. बायकांच्या गटाचा निकाल लागला की टाळ्या जरा थांबवा. माईक तुमच्या हातात असेल, तर त्यांची वेळ मोठ्याने वाचा. दुसऱ्याच्या हातात असेल, तर खालून ओरडा.